पेन्सिलीची तारीख आणि पेनाची तारीख
लग्नकार्यातले छोटे धंदे एकमेकांच्या शब्दावर कसे चालतात?

मुहूर्त दुपारी बारा वाजून पंचवीस मिनिटांचा. सकाळी सहाला कार्यालयाचं फाटक उघडतं तेव्हा आत रिकामं व्यासपीठ, भिंतीला टेकवून ठेवलेल्या खुर्च्यांच्या चळती आणि नुकतीच धुतलेली फरशी, एवढंच असतं. पुढच्या सहा तासांत मांडववाला येतो, मग लाइटवाला, फुलवाला, आचारी आणि त्याचे वाढपी, सनई-चौघडा, साउंडवाला, जनरेटरवाला, फोटोग्राफर, व्हिडिओवाला, मेकअप करणारी ताई, गुरुजी. दहा-बारा वेगवेगळे धंदे, प्रत्येकाची माणसं वेगळी. या सगळ्यांचा मिळून कुणी एक मालक नसतो. आपसात त्यांनी कसलाही करार केलेला नसतो. बऱ्याच जणांनी मुलीच्या वडिलांबरोबरसुद्धा वहीच्या पानावर चार ओळींपलीकडे काही लिहिलेलं नसतं. तरीही बारा पंचवीसला अंतरपाट धरला जातो आणि शेवटचं मंगलाष्टक संपेपर्यंत पहिल्या पंगतीची पानं मांडून तयार असतात.

हे जमतं कसं? मोठ्या शहरांत हल्ली सगळं जुळवून आणणारा प्लॅनर असतो हे खरं. पण तालुक्याच्या गावी अजूनही बहुतेक कार्यं त्याच्याशिवायच पार पडतात. तिथे करारपत्राचं काम शिष्टाचार करतो. शिष्टाचार म्हटलं की नमस्कार-चमत्कार आणि गोड बोलणं डोळ्यांपुढे येतं. या धंद्यात त्याचा अर्थ बराच टणक आहे. कुणी कुणाला केव्हा कळवायचं, कुणाचं गिऱ्हाईक कुणी घ्यायचं नाही, पैसे कधी चुकते करायचे, याचे हे न लिहिलेले नियम आहेत.

तारीख शिळी होते

भाजीवाल्याची मेथी संध्याकाळपर्यंत गेली नाही, तर तो उरलेल्या जुड्या निम्म्या भावात काढतो. मांडववाल्याला किंवा फोटोग्राफरला ती सोयही नाही. २० तारीख रिकामी गेली की ती कायमची गेली. २१ तारखेला ती कुठल्याच भावाने विकता येत नाही. त्यात आपल्याकडे तारखा वर्षभर सारख्या वाटलेल्या नाहीत. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मासात मुहूर्त जवळपास बंद. तुळशीची लग्नं लागली की सराई सुरू होते आणि मग काही दिवस दाट तिथीचे येतात, म्हणजे एकाच दिवशी गावातली सगळी कार्यालयं भरलेली. वर्षाची बरीचशी कमाई या मोजक्या दिवसांवर ठरते.

म्हणून या धंद्यात डायरीला मान आहे. मांडववाल्याची डायरी उघडून पाहिलीत, तर काही नावं पेन्सिलीने लिहिलेली दिसतील आणि काही पेनाने. नुसती चौकशी आली की पेन्सिल. विसार हातात पडला की त्याच नावावर पेन फिरतं. आता पेन्सिलीची तारीख दुसरी पार्टी मागायला आली तर काय करायचं? रीत अशी की आधी पहिल्या पार्टीला फोन करायचा: "साहेब, तुमची तारीख दुसरे मागताहेत. उद्या संध्याकाळपर्यंत सांगा, तोवर मी कुणाला शब्द देत नाही." फोन दोन मिनिटांचा असतो. तो केला नाही तर पहिली पार्टी गावभर सांगते, "तारीख धरून ठेवतो म्हणाला आणि दुसऱ्याला देऊन टाकली." पेनाची तारीख तर खोडायचीच नसते, मग नंतर आलेला माणूस दीडपट देईना का. एकदा खोडलेली तारीख पुढच्या दहा तारखा घेऊन जाते.

काम ठरवणं म्हणजे 'सुपारी देणं', हा शब्दही याच व्यवहारातला. पान-सुपारी हातावर ठेवली की बोली पक्की. गुन्हेगारीच्या बातम्यांनी तो शब्द पुढे फार बदनाम केला. पण पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे जत्रा समितीचे लोक तिथे येतात आणि आपल्या जत्रेसाठी फड ठरवतात, तेव्हा तो अजूनही मूळ अर्थानेच वापरला जातो. तिथेही भाव ठरवते ती तिथी. चैत्र-वैशाखात अनेक गावांच्या जत्रा एकाच दिवशी येतात आणि फड तर एका रात्री एकाच गावात उभा राहू शकतो.

शेजारच्या स्पर्धकाचं गोदाम

तारखा अशा दाटीवाटीने येतात, त्यामुळे आणखी एक गोष्ट घडते. ती बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही.

समजा, एका डेकोरेटरकडे ६०० खुर्च्या आहेत. दाट तिथीला त्याच्याकडे ३००-३०० खुर्च्यांची तीन कामं आली. लागणार ९००. वरच्या ३०० विकत घ्याव्यात तर त्या वर्षातले जेमतेम पाच-सात दिवस बाहेर पडणार आणि बाकी दिवस गोदामाचं भाडं खाणार. हिशेब बसत नाही. मग तो त्या ३०० खुर्च्या पलीकडच्या पेठेतल्या डेकोरेटरकडून आणतो. म्हणजे ज्याच्याशी एरवी दरावरून चढाओढ चालते, त्याचंच गोदाम दाट तिथीला आपलं गोदाम होतं. वाढप्यांचं तसंच, जनरेटरचं तसंच, दुसऱ्या कॅमेऱ्याचंही तसंच.

स्पर्धकाशी वागण्याचे नियम इतके काटेकोर का, ते इथे कळतं. आणलेल्या खुर्च्या मोजून आणायच्या आणि मोजून द्यायच्या. मोडल्या असतील तर त्याने विचारण्याआधी आपण सांगायचं. ठरलेलं भाडं पार्टीकडून पैसे येण्याची वाट न बघता द्यायचं, कारण पार्टी आपली आहे, त्याची नाही. आणि पार्टीसमोर त्याच्या कामाला नावं ठेवायची नाहीत. "त्यांच्याकडे गेला असतात तर फसला असतात," असं बोलणाऱ्याला दाट तिथीच्या सकाळी खुर्च्या कोण देणार?

पुन्हा भेटायचं आहे

एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाशी आपण कसंही वागलो तरी स्टँडवर उतरलो की विषय संपतो. भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजाऱ्याशी तसं वागता येत नाही. पाणी, कचरा, सणवार, सगळं त्याच्याबरोबर काढायचं असतं. गावात कार्यालयं मोजकी आणि धंदेवालेही मोजके. त्यामुळे इथला प्रत्येक व्यवहार भिंतीच्या शेजाऱ्याशी असतो.

अमेरिकेतले राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट अॅक्सेलरॉड यांनी १९८०च्या सुमारास हीच गोष्ट संगणकावर तपासली. एक खेळ आखला. दोन खेळाडू, आणि प्रत्येक डावात दोघांनाही एकच निवड: सहकार्य करायचं की दगा द्यायचा. एका डावापुरतं पाहिलं तर दगा देणाऱ्याचा फायदा होतो. पण तीच जोडी पुन्हा पुन्हा खेळली तर? देशोदेशीच्या अभ्यासकांनी आपापल्या युक्त्या पाठवल्या, पहिल्या फेरीला १४ आणि दुसऱ्या फेरीला ६२. दोन्ही वेळा जिंकली ती सगळ्यांत साधी युक्ती, गणितज्ञ अनातोल रॅपोपोर्ट यांची. पहिल्या डावात सहकार्य करा. त्यानंतर समोरचा मागच्या डावात जसा वागला तसं वागा. या युक्तीत आपणहून दगा नाही. कुणी दगा दिला तर तो गिळून गप्प बसणं नाही. आणि समोरचा सुधारला की जुनं उगाळत बसणंही नाही.

त्याच्या कितीतरी आधी, १९६३ साली, स्ट्यूअर्ट मॅकॉले या कायद्याच्या प्राध्यापकांनी विस्कॉन्सिन राज्यातल्या व्यावसायिकांशी बोलून एक निबंध लिहिला. त्यांना आढळलं की घासाघीस करून केलेले करार कपाटात पडून राहतात आणि तंटा झाला तरी लोक वकिलाकडे न जाता फोन उचलतात. आपल्याकडेही १८७२ चा करार कायदा तोंडी कराराला मान्यता देतो. पण फुलं उशिरा आली म्हणून कोर्टात जाऊन निकाल मिळेपर्यंत त्या जोडप्याची मुलं शाळेत जायला लागतील. अक्षता पडून गेल्या की कुठलाही निकाल तो क्षण परत आणत नाही. म्हणून खरा धाक असतो तो पुढच्या भेटीचा.

ज्याची पार्टी, त्याची पार्टी

मिरजेजवळच्या एका कार्यालयात, नात्यातल्याच एका लग्नात पाहिलेला प्रसंग सांगतो. मुख्य फोटोग्राफर व्यासपीठावर होता आणि त्याने मदतीला बोलावलेला पंचविशीतला एक मुलगा खाली पाहुण्यांचे फोटो घेत होता. मुलगा हुशार. आजीबाई पदर सावरेपर्यंत थांबायचा, मगच बटण दाबायचा. नवऱ्या मुलीच्या मामांना त्याचं काम आवडलं. त्याला बाजूला घेऊन ते म्हणाले, "तुझं कार्ड दे रे. डिसेंबरात आमच्याकडं कार्य आहे."

मुलाने खिशात हात घातला आणि कार्ड काढलं ते मुख्य फोटोग्राफरचं. म्हणाला, "मामा, आज मी दादांच्या कामावर आलोय. तुम्ही दादांना फोन करा, मला पाठवा म्हणून सांगा हवं तर."

जेवणाच्या वेळी मी त्याला विचारलं, स्वतःचं कार्ड का नाही दिलंस? त्याचं उत्तर सरळ होतं. "आज एक काम मिळालं असतं. पण दादा वर्षाला पंधरा-वीस कामांवर नेतात. आणि दादांना कळलं नसतं असं थोडंच आहे? त्याच कार्यालयात भेटायचंय."

या धंद्यातला हा सर्वांत महत्त्वाचा नियम आहे असं मला वाटतं. दुसऱ्याच्या कामावर गेल्यावर आपण त्याचे हात असतो. नाव त्याचं असतं. पार्टीने नंतर परस्पर फोन केला तरी आधी ज्याने नेलं त्याला कळवायचं. तो "तू घे" म्हणाला तर घ्यायचं. याची दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. नेणाऱ्याने त्या मुलाला सहा-सहा वर्षं अंधारात ठेवायचं, त्याने काढलेले फोटो आपल्या नावावर मिरवायचे आणि त्याचे पैसे मात्र दिवाळीपर्यंत रखडवायचे, हे चालणार नाही. तसं झालं की मुलगा कार्ड वाटू लागतो, आणि तेव्हा दोष फक्त मुलाचा नसतो.

*चौकट: तारीख घेताना चार ओळींत हे असू द्या*
• तारीख, वार, मुहूर्ताची वेळ आणि जागा किती वाजता मोकळी मिळणार ती वेळ
• नेमकं काय देणार आणि काय देणार नाही (उदा. फुलं स्टेजपुरती, प्रवेशद्वार वेगळं)
• एकूण रक्कम, आलेला विसार, बाकी कधी
• तारीख पुढे गेली किंवा रद्द झाली तर विसाराचं काय
• कामावरच्या किती माणसांचं जेवण पार्टीकडे
ओळी लिहिल्या की फोनवर फोटो काढून पार्टीला तिथेच पाठवा. विश्वास असला तरी पाठवा. तीन महिन्यांनी दोघांच्याही लक्षात सगळं सारखंच राहील असं नाही.

उतरंडीतलं खालचं मडकं

घरात पूर्वी मडक्यांची उतरंड असायची. खालचं मडकं हललं की वरची सगळी डगमगायची. कार्याच्या दिवसाची वेळ अशीच रचलेली असते. मांडववाल्याने चौकट उभी केल्याशिवाय लाइटवाल्याला वायर नेता येत नाही. वायरी बांधल्याशिवाय फुलं लावली तर शिडी लागून ती चुरगळतात. इकडे मेकअपला तास जास्त लागला की फोटोग्राफरचा तास कमी होतो, आणि फोटो घाईत आले की बोल त्यालाच. म्हणजे उशीर करणारा एक आणि त्याची शिक्षा तिसऱ्याला.

अडचणी येणारच. टेम्पो बंद पडतो, आचाऱ्याचा माणूस आजारी पडतो. प्रश्न असतो तो कधी कळवलं याचा. आठ दिवस आधी कळलं तर पर्याय दहा असतात, आदल्या रात्री दोन, आणि सकाळी नऊ वाजता एकही नाही. गच्चीवर वाळवण घातलेलं असताना पहिला थेंब पडला की शेजारीण हाक मारते, "अहो, पापड उचला!" सगळे पापड भिजल्यावर मारलेली हाक काही उपयोगाची नाही. तरी माणसं वाईट बातमी लपवतात, कारण "बघू, जमेल कसं तरी" असं मनाला वाटत राहतं. धंद्यातली जुनी माणसं इथे वेगळी वागतात. टेम्पो लोणंदला अडकला की त्यांचा पहिला फोन जातो फुलवाल्याला, कारण उतरंडीत तो त्यांच्या वर बसलेला असतो. पार्टीला ते सांगतात, पण बरोबर उपाय घेऊन: "टेम्पो अडकलाय, दुसरा निघालाय, साडेआठला पोचतो."

जेवणाचंही असंच आधी बोलावं लागतं. ताटं मोजून पार्टीचं बिल होतं. आयत्या वेळी बँडची बावीस माणसं आणि चार ड्रायव्हर पंगतीला बसले, तर केटरर आणि पार्टी यांच्यात वाद पेटतो आणि मधल्यामध्ये उपाशी राहतो तो पहाटे पाचपासून राबणारा लाइटवाला. आदल्या दिवशी "आमची सहा माणसं, दोन वाजता जेवतील," एवढं केटररला सांगितलं की प्रश्न मिटतो. कार्यात जेवल्याशिवाय कुणी जाऊ नये हे आपल्याकडे पाहुण्यांइतकंच कामावरच्या माणसांनाही लागू आहे, असं मी मानतो.

निघतानाचा अर्धा तास

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या धंद्याने ध्यानात ठेवावा असा आहे. ३२ जणांना १४ अंश सेल्सिअसच्या थंड पाण्यात एकदा ६० सेकंद हात धरायला लावला. दुसऱ्या वेळी तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद. पण त्या शेवटच्या ३० सेकंदांत पाण्याचं तापमान हळूहळू एका अंशाने वाढवलं. तिसऱ्यांदा कोणतं हवं असं विचारल्यावर ३२ पैकी २२ जणांनी जास्त वेळ चाललेला प्रकार निवडला. शेवट जरासा सुसह्य होता, एवढंच कारण. अनुभवाची आठवण साठवताना आपलं मन त्यातला सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट, या दोन गोष्टींना जास्त वजन देतं.

आता पाठवणीचा प्रसंग डोळ्यांपुढे आणा. मुलगी गाडीत बसते आहे, आईचे डोळे भरले आहेत, आणि मागे कुणीतरी खाडखाड खुर्च्या आपटत चळती लावतंय. दुसरा बाकीचे पैसे मागायला वडिलांच्या कोपराशी उभा आहे. काम दिवसभर उत्तम झालं असलं तरी घरात आठवण राहते ती हीच. म्हणून जाणते लोक गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत एकही खिळा काढत नाहीत, आणि पैशांचं बोलणं घरातल्या एका ठरवलेल्या माणसाशी, शक्यतो जेवणानंतर लगेच उरकतात.

कार्यालयाच्या बाबतीतही शेवटच मोजला जातो. स्वयंपाकघर धुऊन दिलं का, टेप आणि तारा भिंतीवर सोडून गेले का, संध्याकाळच्या पार्टीला जागा वेळेवर मिळाली का. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावरचा लाउडस्पीकर बंद करावा लागतो. मॅनेजरने येऊन हात जोडण्याआधी स्वतः आवाज उतरवणारा साउंडवाला मॅनेजरला कायम आठवतो.

विसाराची परीक्षा

२०२० साली देशभर टाळेबंदी लागली ती २५ मार्चला, नेमक्या गुढीपाडव्याच्या दिवशी. लग्नांचा आणि जत्रांचा हंगाम तोंडावर होता. पुढे लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली. २०२१च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात तर २५ माणसं आणि दोन तास. घेतलेला विसार बहुतेकांनी कापड, पगार, सामान यात घालून टाकला होता. पार्टी म्हणे पैसे परत द्या, धंदेवाला म्हणे कुठून देऊ. ज्यांनी फोन उचलला, हिशेब उघडून दाखवला, तारीख त्याच दरात पुढे नेली किंवा हप्त्याहप्त्याने पैसे फेडले, त्यांच्याशी बोलायची वाट पार्टीला मोकळी राहिली. फोन बंद करून बसलेल्यांनी ती स्वतःच बुजवली. माझ्या मते नुकसान दोघांत वाटून घेणं हाच त्या काळातला खरा शिष्टाचार होता.

कंपन्यांच्या कार्यक्रमांचं गणित वेगळं आहे. तिथे बिल टेबलावरून टेबलावर फिरतं आणि छोट्या माणसाला मागायचा संकोच वाटतो. उद्यम नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लघु सेवा व्यवसायाचे पैसे लेखी ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि लेखी काही ठरलेलं नसेल तर १५ दिवसांत द्यावेत असं २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने व्याज लागतं. हे बिलावरच एका ओळीत छापून ठेवलं की मागणं हक्काचं होतं आणि आवाज चढवावा लागत नाही.

अर्धवट ओळखीची ताकद

नव्याने धंद्यात आलेल्याचा पहिला प्रश्न असतो, कामं येणार कुठून? त्याला वाटतं, जवळचे मित्र आणि नातेवाईक आणतील. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये उलटं दाखवलं. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारलं की ज्याने बातमी दिली तो तुम्हाला तेव्हा किती वेळा भेटायचा. आठवड्यातून दोनदा तरी भेटणारे १६.७ टक्के, कधीमधी भेटणारे ५५.६ टक्के, आणि वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी भेटणारे २७.८ टक्के निघाले. कारण सोपं आहे. जवळच्या माणसाला जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. नवी बातमी येते ती दुसऱ्या वर्तुळात वावरणाऱ्याकडून.

लग्नाच्या धंद्यात ही अर्धवट ओळखीची माणसं कोण? कार्यालयाचा मॅनेजर, जनरेटरवाला, वाढप्यांचा मुकादम, फाटकावरचे वॉचमनकाका. आज या कार्यालयात, उद्या त्या. "चांगला फुलवाला सांगा हो," असं पार्टी विचारते तेव्हा यांच्या तोंडी जे नाव येतं त्याला काम मिळतं. कार्ड वाटून ते नाव त्यांच्या तोंडी बसत नाही. सामान उतरवताना जनरेटरवाल्याच्या चाकाला हात लावणाऱ्याचं बसतं. आणि नाव सुचवण्याबद्दल काही द्यायचं ठरलं असेल तर ते उघड असावं. पार्टीच्या बिलात गुपचूप चढवलेली रक्कम आज ना उद्या बाहेर येते आणि सुचवणारा, घेणारा, दोघांचंही नाव जातं.

ही ओळख जपायचा खरा काळ म्हणजे चातुर्मास. मांडववाले आणि लाइटवाले तेव्हाही गणपती-नवरात्रात गुंतलेले असतात, पण आचारी, फोटोग्राफर, कार्यालयवाले यांना उसंत असते. दसऱ्याला कॅमेरा, कढई, हातोडी यांची पूजा झाली की आपट्याचं पान घेऊन ज्यांच्याबरोबर वर्षभर काम केलं त्यांच्या दाराशी जावं. गेल्या सराईत घाईगर्दीत कुणाच्या सतरंज्या, कुणाची केबल, कुणाच्या चार-दोन खुर्च्या आपल्या गोदामात राहून गेल्या असतील. त्या मोजा, पुसा आणि तुळशीची लग्नं लागायच्या आत परत देऊन या.